नळाजवळचं झाड

९ जानेवारी

भिंगरीस,

तुला एक आजी आहे. ठेंगणी, गालावर मस, जीभ अजून शाबूत. चेहरा आठवत नसेल तर आरशात स्वतःला बघ आणि त्यात जरा अक्कल मिसळ, झाले मी.

आशीर्वाद अर्धा पाठवतेय. उरलेला अर्धा तुझं वागणं बघून.

तुझं पत्र तुझ्या आईने वाचून दाखवलं. माझ्या पायाची चौकशी एका ओळीत उरकलीस आणि पुढे पाऊण पान शेवाळाचं कौतुक. शेवाळ! अगं, माणसं इथे खुब्यात सळई घालून आढ्याकडे बघत पडली आहेत, आणि ही बाई गटाराच्या कडेला वाकून शेवाळ बघतेय. तू गेलीस त्याच दिवशी जिन्यावरून कोण पडलं, तेही विसरलीस का?

डॉक्टर म्हणतो, हाड जुळलं, आता चाला. त्याचं काय जातं? गल्लीभरचे कपडे इस्त्री करण्यात माझं उभं आयुष्य उभ्यानेच गेलं. पहिल्यांदा आडवं व्हायला मिळालंय, तर सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतंय. चालायला म्हणून तो लोखंडी घोडा आणून ठेवलाय, वॉकर का काय. त्याच्यावर टॉवेल छान वाळतात.

तुझ्या आईला बजावलंय, मी बोलते तसंच लिही. मला अक्षर कळत नाही, पण कोणाचा हात किती वेळ हलला ते कळतं. मी दोन शब्द बोलले आणि तिने दोन ओळी लिहिल्या, की समजावं, मधे हिने स्वतःचं काहीतरी घुसवलं.

(घुसवतेच आहे. आजी जेवल्या. औषध उशीखाली लपवलं होतं, ते सापडलं. सकाळपासून मला 'ढिम्म' म्हणून झालंय. – आई)

बघ, केवढा वेळ लिहीत होती!

आजी


२१ जानेवारी

आजी,

नमस्कार. तो पूर्ण आहे. अर्धवट द्यायची सवय मला नाही.

तू जिन्यावरून पडलीस ते मी विसरलेले नाही. तूही बाकीचं विसरू नकोस. मी नोकरीवर जाऊ नये म्हणून तू माझा डावा बूट पिठाच्या डब्यात लपवलास. मी चपला घालून निघाले, उजवा बूट रागाने पिशवीत कोंबला. टॅक्सी सुरू झाली तेव्हा तू जिन्यावर होतीस, हातात तो पिठाने माखलेला बूट नाचवत. जिंकल्यासारखी. त्यानंतर मी मागे बघितलं नाही. तू पडलीस हे मला इथे पोचल्यावर कळलं. त्याचं वाईट वाटतं. पण त्याचं बिल माझ्या नावावर फाडू नकोस.

आता शेवाळाबद्दल. मी भिंगांच्या कारखान्यात आहे, चष्म्याची भिंगं तपासते. लांबलचक खोली, खिडक्या रंगवून बंद केलेल्या, डोक्यावर पांढरा दिवा. एकेक भिंग उचलायचं, ओरखडा शोधायचा, सापडला की बाजूला टाकायचं. दिवसभर फक्त खोट काढायची. तुला हे काम फार जमलं असतं.

दुपारी मुकादम आम्हा सगळ्यांना बाहेर हाकलतो. 'दूरचं बघा, हिरवं बघा, नाहीतर डोळे जातील आणि मला नवीन माणसं शोधावी लागतील.' सुरुवातीला मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडायचे. त्या भिंतीवरच शेवाळ दिसलं. जवळून बघ कधी. प्रत्येक तुऱ्याच्या टोकाला पाण्याचा थेंब असतो, आणि प्रत्येक थेंबात आभाळ उलटं लटकलेलं. त्यात ओरखडे शोधायला मला कोणी सांगत नव्हतं. रडणं थांबलं. तेव्हापासून रोज कुंपणाच्या कडेने फेरी मारते. मुंग्यांची रांग एका खिळ्याला वळसा घालून जाते. खिळा पडला, तरी त्या अजून वळसा घालतात. तुझी आठवण आली.

डॉक्टर काय म्हणाला ते मला बाबांकडून कळलंय. उन्हाळ्यापर्यंत पाय जमिनीला लागला नाही, तर सांधा धरेल आणि अंथरूण कायमचं. म्हणजे आईही कायमची. रविवारी फोन करते तेव्हा तू समोर असतेस म्हणून ती फक्त 'हो', 'बरं' म्हणते. तू फोनवर आली असतीस तर तुलाच सांगितलं असतं, पण तुला फोनवर खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही, आणि समोरासमोरही सोयीचं तेवढंच.

म्हणून लिहून सांगते. गल्लीच्या कोपऱ्यावर, नळाजवळच्या झाडापर्यंत चालत जा. तिथे काय दिसतं ते मला कळव.

भिंगरी


३ फेब्रुवारी

भिंगरीस,

आशीर्वाद पाव.

घरची चार भांडी घासताना तुझे हात दुखायचे, आणि आता परक्याच्या काचा तपासायला गेलीस. वर मला मुंगी म्हणतेस. मुंगी तर मुंगी, चावता येतं मला.

झाडापर्यंत जाऊन काय करू? 'काय रे बाबा, कसं चाललंय' म्हणून विचारू? त्या झाडाखाली मी कोळशाची इस्त्री पेटवलेली आहे. पाऊस आला की त्याच्याच खाली कपड्यांचं गाठोडं घेऊन उभी राहिले आहे. आमची ओळख तुझ्या जन्माआधीची. त्याने मला काही सांगितलं नाही, मी त्याला काही विचारलं नाही. असं असतं चांगलं नातं.

तुझी आई लिहिता लिहिता हसतेय. तिला वाटतं मला दिसत नाही.

(हसत नव्हते. जांभई होती. – आई)

बघायचंच असेल तर हिला पाठवते. हिला तरी पाय आहेत. मीठ संपलं म्हणून सुद्धा घराबाहेर पडत नाही, तुझा बाप येताना सगळं घेऊन येतो. दिवसभर माझ्या खाटेभोवती घिरट्या. मला श्वास घ्यायला जागा नाही.

(मलाही. – आई)

आजी


१२ फेब्रुवारी

आजी,

मेमध्ये कारखाना आठवडाभर बंद असतो. मी घरी येणार होते. आता येत नाही. पडलेल्या माणसाला बघायला मी रात्रभर प्रवास करून येईन, पण पडून राहिलेल्या माणसाला बघायला येणार नाही. उठलीस तर कळव.

आशीर्वाद पाव दिलास तो परत पाठवतेय. तुलाच लागेल.

भिंगरी


६ मार्च

भिंगरीस,

घे. उठले.

रोज जाते. घोड्यावरचे टॉवेल काढले आणि निघाले. आता तुझं तोंड बंद व्हावं म्हणून सगळं नीट सांगते, कान देऊन ऐक.

झाडाची साल जुन्या भिंतीच्या पोपड्यांसारखी सुटलीय. एका पोपड्याखाली कोळी राहतो. राखाडी, तांदळाच्या दाण्याएवढा. ऊन आलं की बाहेर येतो, पाय मोजल्यासारखे एकेक पसरतो, सावली आली की आत. अगदी निवृत्त माणसासारखा. एका फांदीला तांबूस पान फुटलंय, इतकं पातळ की त्याच्या मागे बोट धरलं तर बोट दिसतं. परवा दोन कावळे एका काडीवरून भांडत होते. काडी खाली पडली तरी भांडण चालूच. दोघांनाही काडी नकोच होती म्हण.

झालं समाधान? शांती मिळाली मला. पिशवी भरून मिळाली. उरलेली तुझ्या आईला दिली, तिला बरीच लागत होती. हल्ली ती भाजी चिरताना गुणगुणते. कानाला त्रास होतो, पण मी काही बोलत नाही. म्हणजे, फारसं बोलत नाही.

आता मेमध्ये ये, नाहीतर येऊ नकोस. माझं काही अडत नाही.

आजी


१७ मार्च

आजी,

तुझं पत्र मी कारखान्यातल्या बायकांना वाचून दाखवलं. कोळ्याला सगळ्या हसल्या. मुकादमसुद्धा. मी परतीचं तिकीट काढायला निघाले होते.

तेवढ्यात आपल्या गल्लीतल्या मैत्रिणीने फोनवर तिच्या नव्या स्कूटरचा फोटो पाठवला. स्कूटर नळाशी उभी आहे. तिच्यामागे झाड नाही. बुंधा आहे, गुडघ्याएवढा. विचारलं, तर म्हणाली, नव्या पाइपसाठी कापलं, थंडीच्या सुरुवातीलाच.

तू कुठल्या झाडाखाली उभी राहतेस, आजी? कुठल्या फांदीचं पान धरून मागे बोट लावतेस?

खोटं बोललीस त्याचं नवल नाही. बूट लपवणारी तूच. पण मला जे एकच सापडलं होतं, ज्याच्यावर मी इथे उभी आहे, त्याचीच नक्कल करून मला दाखवलीस. खाटेवर पडून. हसत असशील.

आणि आई, तू हे तुझ्या हाताने लिहिलंस. या वेळी तुझा एकही कंस नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तिकीट काढलेलं नाही.

भिंगरी


२४ मार्च

भिंगरी बाळा,

हे पत्र माझं आहे. आजी झोपल्या आहेत. तुझं पत्र आलंय, ते मी त्यांना अजून वाचून दाखवलेलं नाही. उद्या दाखवणार आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याआधी तुला सांगून टाकते, कारण उद्या काय होईल ते मला माहीत नाही.

झाड कापलंय हे आजींना ठाऊक नाही. त्या खोटं बोलल्या, पण त्यांना वाटतं तेवढंच. 'मी जाते' हे खोटं. झाडाचं खोटं माझं.

तुझं 'येत नाही' म्हणून पत्र आलं, त्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, 'जा, त्या झाडाला बघून ये. त्या पोरीच्या तोंडावर फेकायला काहीतरी हवं.' मी म्हटलं, तुम्ही एकट्या कशा राहाल? तर म्हणाल्या, 'तेवढ्यात मरत नाही. मेले तर सुटशील.'

गेले. झाड नव्हतं. मला धक्का बसला, मग पाय दुखायला लागले म्हणून बुंध्यावर बसले. कोणी हाक मारली नाही. घरात कुठल्याही खोलीत बसले तरी कोणाची ना कोणाची हाक येते. तिथे आली नाही. पलीकडच्या भिंतीचा पोपडा हलला आणि त्याखालून एक कोळी बाहेर आला. मी त्याच्याकडे बघत बसले. घरी आले तेव्हा डाळ करपायची ती करपलीच होती.

आजींनी विचारलं, 'काय म्हणतंय झाड?' झाड नाही असं म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मला कोणी बाहेर पाठवलं असतं का? म्हणून कोळी झाडावर नेऊन बसवला. तांबूस पान कुंपणावरच्या वेलाचं होतं, ते फांदीला लावलं. कावळे खरे. सगळं पाहिलेलं आहे, झाड तेवढं खोटं आहे.

पहिले काही दिवस त्यांनी नाक मुरडत ऐकलं. मग मी दारातून आत पाऊल टाकायच्या आत विचारू लागल्या, 'आज आला होता का तो?' कोळी बाहेर आला नाही त्या दिवशी त्यांनी मलाच झापलं, जसं काही मीच त्याला रागावले होते. त्यांना ते हवं होतं गं. मलाही. तू दुखावशील असं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

तुझी आई


२ एप्रिल

भिंगरीस,

तुझ्या आईने तुझं पत्र वाचलं. त्याच्या आधी माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

'कुठल्या झाडाखाली उभी राहतेस' इथपर्यंत ती आली आणि थांबली. मी म्हटलं, 'पोरगी बरळतेय. वाच पुढे.'

'बरळत नाही, आई. झाड नाहीये.'

'नाहीये म्हणजे? काल तू त्याला पाणी घातलंस म्हणालीस!'

'नाही घातलं.'

'मग तो कोळी?'

'कोळी खरा. भिंतीवरचा.'

'पान?'

'वेलाचं.'

मी तिला काय काय बोलले ते ती लिहायला तयार नाही.

(नाही. – आई)

अगं, लग्न करून या घरात आल्यापासून ही बाई माझ्यासमोर कधी खोटं बोलली नव्हती. तेवढा एकच गुण होता तिच्यात, आणि तो मी कोणाला सांगितलाही नव्हता. मला इतका संताप आला की काही सुचेना. तेवढ्यात तुझा बाप आला. रोज त्याच कोपऱ्यावरून जातो-येतो, म्हणून त्याला विचारलं, 'नळाजवळचं झाड आहे की नाही?' तर म्हणतो, 'कुठलं झाड?' असा मुलगा माझ्या पोटी.

घरात एक खोटी, एक आंधळा. विचारायचं कोणाला? म्हटलं, 'आण तो घोडा. मी स्वतः बघते.'

टॉवेल मी फेकले. उठवलं तुझ्या बापाने. डाव्या पायाला अजून सूज, चप्पल राहीना. तुझा बूट खाटेखाली होता. डावाच. घातला. शिवणीत अजून पीठ आहे. तर तुझा बूट एका पायात, माझी चप्पल दुसऱ्या पायात, आणि पुढे घोडा, अशी वरात निघाली. गल्लीतल्या बायका ओट्यांवर आल्या. एक म्हणाली, 'आजी, फिरायला का?' मी म्हटलं, 'नाही, खून करायला.'

दर दोन दारांना मी थांबत होते. तुझ्या आईला वाटत होतं शिव्या द्यायला थांबतेय. दम लागत होता. शिव्या आपल्या मधल्या मधे. दुखलं किती ते तुला सांगत नाही, तू त्याचाही अर्थ काढशील.

नळाशी पोचले. नव्हतं. बुंधाच होता.

तिथे आभाळ फार मोठं झालंय. बरं नाही वाटत. जिथे मी इस्त्री पेटवायचे तिथे पाइपाचं झाकण आहे.

बसले बुंध्यावर. तीही बसली. बुंधा दोघींना पुरत नाही, म्हणून अर्धी अर्धी बसलो, म्हणजे ढकलाढकलीच. तिने बोटाने दाखवलं, 'तो.' भिंतीवर पोपडा होता, पण कोळी काही येईना. मी म्हटलं, 'हेही खोटं.' ती म्हणाली, 'गप्प बसा जरा.' मला! गप्प बसा! मी इतकी चकित झाले की खरंच बसले. मग तो आला. आधी एक पाय, मग बाकीचे. तिने सांगितलं होतं तसाच. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, तिला अंदाज नाही.

किती वेळ बघत होतो कोण जाणे. तुझं ते थेंबातलं आभाळ मला अजूनही फुकटचं वाटतं. पण कोळी बरा आहे.

उठताना बुंध्याच्या कडेला सालीतून तीन-चार हिरवी टोकं आलेली दिसली. तुझी आई म्हणते, झाडाचे कोंब आहेत, झाड परत येतंय. मी म्हणते, कसलं झाड, फटीत पडलेल्या कुठल्यातरी तणाचं बी. तिला लहर आली की ती भिंतीवरचं उचलून झाडाला चिकटवते, तिच्यावर काय विश्वास ठेवायचा? ती म्हणाली, 'मग उद्या या आणि बघा.' मी म्हटलं, 'येईन, घाबरते का?'

दुसऱ्या दिवशी पायाचं लाकूड झालं होतं, गेले नाही. ती एकटी गेली आणि येऊन म्हणाली, कोंब वाढलेत. मला सहन झालं नाही. परवा पुन्हा गेले. वाढले नव्हते. काल पुन्हा. काल जरा वाढले होते, पण तणही वाढतंच की. पान उघडेपर्यंत निकाल लागायचा नाही. तोवर मी तिला सोडणार नाही.

(कोंबच आहेत. – आई)

तण आहे.

डॉक्टर आला होता. म्हणाला, 'उठलात कशा?' मी म्हटलं, 'रागाने.' म्हणाला, 'तेच औषध चालू ठेवा.' बाकी सांधा पूर्ण सुटेल की नाही ते तो आत्ताच सांगत नाही. त्याच्याकडूनही लिहून घ्यायला हवं.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. मला नक्कल करणारी म्हणालीस. मी तुला हरवायला निघाले होते, हसत नव्हते. आणि त्या बुटाचं. तू मागे बघितलं नाहीस म्हणून तुला माहीत नाही. बूट नाचवत नव्हते मी. द्यायला धावले होते. डब्यातून काढला, पीठ झटकायलाही थांबले नाही, 'अगं, बूट!' म्हणून ओरडले. त्या टॅक्सीचा आवाज केवढा! दुसऱ्या गावात एका बुटाने पोरगी काय करेल, एवढंच डोक्यात होतं. पायरी डोक्यात नव्हती.

आता दुसरा बूट मी मागत नाही. एक मला पुरतो. तुला हवा असेल तर उजवा पायात घालून मेमध्ये ये आणि डावा माझ्या पायातून काढून दाखव. तण आहे की कोंब, तेही येऊन बघ. तुझी नजर तपासणीची आहे, तुझा निकाल मी मानेन. तो माझ्या बाजूने असला तर.

आणि येण्याआधी, जमलं तर याच आठवड्यात, भुईमुगाच्या शेंगा पाठव. भाजलेल्या, टरफलासकट. सोललेले दाणे पाठवायची हुशारी करू नकोस. माझ्या बोलण्यावर तुझा विश्वास नाही, तुझ्या आईच्या लिहिण्यावर आता कोणाचाच राहिला नाही. म्हणून मी वाटेत जिथे जिथे थांबेन तिथे एक शेंग खाईन आणि टरफल तिथेच टाकेन. गल्लीतल्या बायका ओरडतील, ओरडू देत. त्या स्कूटरवालीला सांग, रोज फोटो काढून तुला पाठव. टरफलं जिथे संपतील तिथवर मी गेले असं समज.

पिशवी लहान पाठवू नकोस. बुंध्याच्या पुढेही रस्ता आहे. आणि खारवलेल्या नकोत, तहान लागते.

आजी